मोडलेल्या पेन्सिलीची तक्रारही ऐकायला हवी

बदलापूरची घटना घडली आणि ठाणे जिल्ह्यातल्या शाळांना मुलांच्या सुरक्षिततेबद्दल एकदम जाग आली. कुठे पोलीस ठाण्यातल्या ताई येऊन बोलून गेल्या, कुठे ‘गुड टच, बॅड टच’चं तासाभराचं सत्र झालं, कुठे मुलांनी वहीवर स्वतःचा पंजा गिरवला आणि पाच बोटांवर आपल्या विश्वासातल्या पाच माणसांची नावं लिहिली. त्यापाठोपाठ पालकांमधला वाद आला, आणि तो अजून शमलेला नाही. पालक सभा असो, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असो की शाळा सुटतानाची फाटकाबाहेरची गर्दी, एक गट म्हणतो, एवढ्याशा पोरांच्या मनात हे कशाला भरवता? दुसरा म्हणतो, शिकवायलाच हवं, एकदा शिकवलं की मुलं स्वतःला सांभाळतील. ठाण्यात पहिली-दुसरीचे वर्ग शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि आता आजी म्हणून मी याच सभांना जाऊन बसते. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं अपुरं वाटतं. लहान मुलांना शाळेतल्या विश्वासाच्या माणसाकडे जाऊन मदत मागायला शिकवलं पाहिजे, आणि बालवाडीपासून शिकवलं पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. पण ते वर्षातून एकदा स्पर्शाचं सत्र घेऊन शिकवता येत नाही. ते रोजच्या वर्गात शिकवलं जातं, नाहीतर रोजच्या वर्गातच मोडून टाकलं जातं. ज्या वर्गात बारीकसारीक तक्रारी झटकल्या जातात, तिथलं मूल मोठी गोष्ट घेऊन कुणाकडेही जाणार नाही, मग त्याच्या वहीत कितीही पंजे गिरवलेले असोत.

वाद कसा भरकटला आहे ते बदलापूरवरूनच बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी बदलापूर स्थानकात रुळांवर उतरून तासन्‌तास गाड्या रोखून धरल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली आणि पोलिसांना व शाळेला खडसावलं. गुन्हा नोंदवायला पालकांना ताटकळत ठेवलं गेलं होतं, आणि कळूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर वेगळा गुन्हा दाखल झाला. आता यात मुलांचं काय चुकलं होतं? एवढ्या लहान वयात, जमेल त्या शब्दांत, त्यांनी घरी सांगितलं होतं. आपण मुलांना जे शिकवायला निघालो आहोत ते त्यांना येत होतं. अडलं ते पुढे, जिथे जिथे मोठी माणसं होती तिथे. तरीही त्यानंतरची सगळी चर्चा मुलांना काय शिकवावं आणि कॅमेरे कुठे लावावेत, याच्याच भोवती फिरत राहिली.

पहिलीच्या वर्गात दिवसभरात काय काय कानावर येतं, याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. बाई, हा माझ्या जागेवर सरकतो. बाई, हिने माझं खोडरबर घेतलं. बाई, माझी पेन्सिल मोडली. बाई, शूला जाऊ? बाई, पोटात दुखतंय. साठ मुलांच्या वर्गात हे दर मिनिटाला चालतं, आणि त्याला ठरलेली उत्तरं असतात. ‘तुझं तू बघ.’ ‘सारख्या चहाड्या करू नकोस.’ ‘आत्ताच मधली सुट्टी झाली ना, मग तेव्हा का नाही गेलास?’ यातल्या शेवटच्या उत्तराकडे मी विशेष लक्ष वेधते. लघवीला जायची परवानगी ही मुलाने घराबाहेरच्या मोठ्या माणसाकडे मागितलेली बहुधा पहिली मदत असते. ती शरीराबद्दलची असते, लाजेची असते, आणि थांबवता न येणारी असते. तिथे चारचौघांत नकार मिळाला, किंवा चड्डी ओली झाल्यावर वर्ग हसला आणि बाईही हसल्या, तर त्या मुलाला एक धडा कायमचा मिळतो: शरीराबद्दल इथे बोलायचं नाही. मग महिन्याभराने त्याच वर्गात कुणी पाहुणी येऊन सांगते, ‘कुणी चुकीचा स्पर्श केला तर टीचरना सांगायचं हं.’ मुलं एका सुरात ‘हो’ म्हणतात. मुलांनी कोणता धडा खरा मानायचा?

माझ्या वर्गातला एक मुलगा शाळा सुटायच्या आधी बुटाची नाडी बांधून घ्यायला टेबलापाशी येऊन उभा राहायचा. नाडी सुटलेली असायची खरी, पण गाठीच्या जागची मोड इतकी ताजी असायची की ती त्यानेच आत्ता ओढून सोडवली आहे हे दिसायचं. तो बूट पुढे करायचा, मी बांधायची, तो जायचा. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा गाठ मारून होत असताना, माझ्याकडे न बघता बुटाकडेच बघत तो म्हणाला, ‘व्हॅनमध्ये मोठी मुलं माझी पँट ओढतात. ड्रायव्हरकाकापण हसतात.’ एवढंच बोलला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. त्याचे आईवडील दोघंही लोकलने मुंबईला जाणारे, घरी यायला रात्र व्हायची. त्याने आधी बरेच दिवस नाडी पुढे करून बघितली होती, आणि नाडीवर कुणी खेकसत नाही याची खात्री झाल्यावर तो पँटबद्दल बोलला होता. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, अशी मुलं त्यांनी पाहिलेली असतात. मुलं चाचपून बघतात. आधी काहीतरी फुटकळ घेऊन येतात आणि समोरचं माणूस त्याचं काय करतं ते पाहतात.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांना रस्त्यावरची मुलं वेळी-अवेळी फोन करून अडचणी सांगत असत, त्यातून हे काम उभं राहिलं. पुढे ते देशभर पसरलं. २०१५ ते २०१८ या ३ वर्षांत या नंबरवर सुमारे ३.४ कोटी फोन आले, आणि त्यांतले सुमारे १.३६ कोटी फोन मुके होते. पलीकडे कुणीतरी आहे, मागून आवाज येताहेत, पण बोलत कुणी नाही. हिशेबाच्या दृष्टीने हे फोन वाया गेले असं कुणीही म्हणेल. तिथे काम करणारी माणसं मात्र तसं मानत नसत. ते फोन आपटायचे नाहीत, शांतपणे बोलत राहायचं, कारण आज गप्प राहिलेलं मूल उद्या पुन्हा फोन करतं आणि कधीतरी बोलतं, हा त्यांचा अनुभव होता. शाळेतला मुका फोन म्हणजे मोडलेली पेन्सिल. तो घ्यायचा की आपटायचा, एवढाच प्रश्न आहे.

यावर पहिला आक्षेप निरागसतेचा. मुलं कोवळी असतात, त्यांच्या मनात संशय आणि भीती पेरू नका, असं म्हणणाऱ्या आईबापांना मी मागासलेलं म्हणणार नाही. त्यांची भीती खरी आहे. वाईट पद्धतीने घेतलेली सत्रं मीही पाहिली आहेत, ज्यात मोठ्या आवाजात राक्षसासारख्या माणसाच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि रात्री मूल एकटं झोपायला तयार होत नाही. पण हा दोष पद्धतीचा आहे. जगभरच्या शाळांमधल्या अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा, मिळून सुमारे ५,८०० मुलांचा, आढावा आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांची समज आणि स्वतःला सांभाळण्याची कौशल्यं वाढलेली दिसली, आणि त्यांच्या मनात भीती वाढल्याचं मात्र आढळलं नाही. त्याच आढाव्याने हेही स्पष्ट सांगितलं, की अशा शिक्षणामुळे अत्याचार कमी होतात हे सिद्ध करण्याएवढा पुरावा हाती नाही. शिकवलं की झालं म्हणणाऱ्या दुसऱ्या गटाने हे दुसरं वाक्य वाचावं. आणि मुळात, ‘काही झालं तर मला येऊन सांग, मी ऐकेन’ यात भीती कुठे आहे? भीती एकटं असण्यात असते.

विषयच नको या हट्टाची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. २००७ साली किशोरवयीन मुलांसाठीचा शिक्षण कार्यक्रम विधिमंडळातल्या गदारोळानंतर राज्यात थांबवला गेला. संस्कृती बुडेल, असं तेव्हा सांगितलं जात होतं. त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा बाल अत्याचारांवरचा मोठा अभ्यास आला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केलेला होता. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यात निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर मुलांची भिस्त असावी असे होते. बहुतेक मुलांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा प्रश्न विचारायला हवा की आपण नक्की कशाचं रक्षण करत होतो, मुलांच्या निरागसतेचं की मोठ्यांच्या सोयीचं?

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मला जवळचा आहे. मुलांना तक्रार करायला शिकवलं की खोट्या तक्रारी वाढतील, एखाद्या शिक्षकाचं आयुष्य उद्ध्वस्त होईल. असं घडलं आहे हे मी नाकारत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन या बालवाडीवर १९८३ मध्ये अत्याचाराचे आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, अशक्य कोटीतल्या गोष्टी मुलांच्या तोंडून वदवल्या गेल्या, खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही दोषी ठरवता आलं नाही. दरम्यान माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात काढून आली. पण त्या प्रकरणाचा नंतर जो बारकाईने अभ्यास झाला, त्यातून काय दिसलं? चिमुरड्यांनी आपण होऊन येऊन थापा मारल्या नव्हत्या. मुलाखत घेणारी मोठी माणसं तेच ते सुचवणारे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, हवं ते उत्तर आलं की शाबासकी देत होती, नाही म्हटलं की नाराज होत होती. म्हणजे मुलाचं न ऐकता मोठ्यांनी आपलंच त्याच्या तोंडात घातलं होतं. यातून शिकायचं असेल तर हे, की मूल बोललं तर शिक्षकाने उलटतपासणी करायची नाही. ‘मग काय झालं?’ एवढं विचारायचं, शब्द त्याचेच लिहून ठेवायचे आणि पुढे कळवायचं. खोडरबराच्या तक्रारी रोज नीट ऐकणाऱ्या बाईंना मुलाच्या बोलण्यातला फरकही लवकर ओळखू येतो. ज्यांनी कधी ऐकलंच नाही त्यांना सगळंच एकतर चहाडी वाटतं, नाहीतर भयंकर.

तक्रारी वाढतील हे मात्र खरं आहे, आणि वाढू द्याव्यात. इथे मला पुण्यातलं १८६३ साल आठवतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी इथे यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं, अशा जाहिराती त्यांनी भिंतींवर लावल्या. तोवर समाजाकडे त्या बायकांसाठी दोनच गोष्टी होत्या, बोल लावणं आणि कायद्याची शिक्षा. अशी सोय केली तर अनाचाराला उत्तेजन मिळेल, हे तेव्हाच्या सभ्य लोकांचं म्हणणं. फुल्यांनी काय ओळखलं होतं? संकटं होतीच. आडात आणि उकिरड्यावर त्यांचा शेवट होत होता म्हणून ती मोजली जात नव्हती. दार उघडलं म्हणून बायका दिसू लागल्या. आणि दार उघडून ते थांबले नाहीत, दार कुठे आहे आणि आत आल्यावर काय होईल हे त्यांनी भिंतीवर लिहून सांगितलं. आपल्या शाळांमध्ये ‘टीचरना सांगा’ एवढं सांगितलं जातं. सांगितल्यावर काय होईल, हे कोण सांगतं? मुलाला तर तेच हवं असतं. आई रडेल का? बाबा मारतील का? माझं नाव प्रार्थनेच्या वेळी घेतील का? व्हॅनवाले काका उद्या मला नेणार नाहीत का?

तिसरा आक्षेप सगळ्यांत बळकट आहे आणि तो सहसा मुलांसाठी काम करणारी जाणती माणसंच घेतात. चार वर्षांच्या जिवावर स्वतःच्या रक्षणाची जबाबदारी टाकणं हाच अन्याय नाही का? उद्या काही घडलं तर ‘शिकवलं होतं ना, मग सांगितलं का नाहीस?’ असं तिलाच विचारलं जाईल. हे मला शंभर टक्के पटतं, जर शिकवणं म्हणजे ‘नाही म्हण, ओरड, पळ’ एवढंच असेल तर. दांडग्या माणसापुढे चिमुरडीने ओरडावं आणि पळावं ही अपेक्षा क्रूर आहे, आणि ती पुरी करता आली नाही म्हणून मुलं मोठेपणीही स्वतःला दोष देत राहतात. पण मदत मागणं याच्या बरोबर उलट आहे. मदत मागणं म्हणजे आपल्याला न पेलणारं ओझं मोठ्या माणसाच्या हातात देणं. आपला कायदाही हेच म्हणतो. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार, गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की हे मुलांना लागू नाही. मूल गप्प राहिलं तर तो त्याचा अपराध नाही, मोठं माणूस गप्प राहिलं तर तो अपराध आहे. ही वाटणी मुलांनाही सोप्या शब्दांत सांगता येते: तुझं काम फक्त सांगायचं, जमेल तेव्हा, जमेल तसं. आज नाही जमलं तर नंतर कधीही. पुढचं सगळं आमचं.

याच कायद्याची आणखी काही कलमं पालक सभेत वाचून दाखवावीत असं मला फार वाटतं, कारण पोलीस म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढे ठाण्यातलं बाकडं येतं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. जबाबाच्या वेळी आईवडील, किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस शेजारी हवं. असं माणूस शाळेतलंही असू शकतं, आणि ते कोण हे ऐनवेळी शोधता येत नाही.

आता पंजाच्या त्या चित्राबद्दल. कल्पना चांगली आहे. पण माझ्या दुसरीतल्या नातीने वही आणली तेव्हा तिच्या बोटांवर आई, बाबा, आजी, टीचर आणि पोलीस अशी नावं होती. तिच्या मैत्रिणीच्या वहीतही तीच. फळ्यावर लिहून दिली होती. नातीच्या करंगळीवर आधी ‘मावशी’ लिहून खोडल्याची खूण होती. या मावशी म्हणजे शाळेतल्या सेविका, ज्या मुलांना स्वच्छतागृहात नेतात, गुडघा फुटला तर हळद लावतात. ‘मावशी नाही, टीचर लिही,’ असं तिला सांगण्यात आलं. विश्वासाचं माणूस फळ्यावर लिहून नेमता येतं का? मुलाचा जीव कुणावर आहे हे शाळेने ठरवायचं नसतं, शोधून काढायचं असतं. आणि इथेच चौथा आक्षेप येतो, ज्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. विश्वासाचं माणूसच घात करणारं निघालं तर? पॉक्सोच्या गुन्ह्यांमध्ये आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं ९० टक्क्यांच्या वर राहिलेलं आहे. म्हणून एकच माणूस कधीही पुरेसं नाही. मुलाच्या मनात दोन-तीन माणसं हवीत, एकमेकांपासून वेगळी, शाळेतली आणि शाळेबाहेरची, आणि त्याला हे ठाऊक हवं की एकाने ऐकलं नाही, हसण्यावारी नेलं किंवा ‘कुणाला सांगू नकोस’ म्हटलं तर दुसऱ्याला सांगायचं, तिसऱ्याला सांगायचं. ‘ऐकेपर्यंत सांगत राहा’ हे मला स्पर्शाच्या सगळ्या धड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तरीही धोका शून्यावर येत नाही. पण पर्याय काय आहे? कुणावरच विश्वास न ठेवणारं मूल तर सगळ्यांत एकटं असतं, आणि घात करणारा असंच मूल हेरतो.

‘मुलांनी आधी घरी सांगावं, शाळेत कशाला?’ असं म्हणणाऱ्यांना फार वेळ द्यायची गरज नाही. ऐरोली-घणसोलीपासून कासारवडवलीपर्यंत हजारो घरांत आईवडील सकाळी बाहेर पडतात ते रात्री परततात. मूल शाळा, व्हॅन, पाळणाघर आणि क्लास यांतच जागं असतं. आणि काही मुलांची अडचण घरातच असते. बाबा पिऊन येतात, आईला मारतात, पाहुणा म्हणून आलेला नातेवाईक त्रास देतो. अशा मुलाला घरी सांग म्हणायचं म्हणजे त्याला पुन्हा त्याच खोलीत ढकलायचं.

सरकारने बरंच काही कागदावर दिलेलं आहे. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणारी सखी सावित्री समिती हवी असा शासन निर्णय २०२२ चाच आहे. बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला नवा निर्णय आला, त्यात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि तक्रार पेटी यांवर भर आहे. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. पण कॅमेरा घडलेलं दाखवतो, तेही कुणी मागे जाऊन बघितलं तर. स्वच्छतागृहाच्या आत तो नसतो, नसावाच. आणि तक्रार पेटी? एका शाळेत मी ती पाहिली. जिन्याच्या वळणावर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, मुख्याध्यापकांच्या दालनाकडे जाताना. कुलूप गंजलेलं. पहिलीतल्या मुलाचा हात तिथे पोचत नाही, आणि पोचला तरी ज्याला अजून जोडाक्षर लिहिता येत नाही त्याने तक्रार लिहायची कशी? पेटी मोठ्या मुलांना उपयोगाची आहे, जरूर असावी. लहानांची तक्रार पेटी म्हणजे वर्गातलं जिवंत माणूस.

मुलांना धाक नसला तर ती डोक्यावर बसतात, हा यामागचा न बोललेला आक्षेप. त्याचं उत्तर याच मातीत दिलं गेलेलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. वारली मुलं शाळेच्या चार भिंतींना बिचकतात हे पाहून त्यांनी शाळाच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. छडी हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला जात होता त्या काळात त्यांनी मुलांना आधी न्हाऊमाखू घातलं, गाणी म्हटली, मग अक्षरं. माणसाशी नातं जडल्याशिवाय मूल काहीही घेत नाही आणि काहीही देत नाही, हे त्यांनी कृतीने दाखवलं. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी घालणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आलं ते २००९ मध्ये. अजूनही कान पिरगाळणारे, अंगठे धरून उभं करणारे वर्ग आहेत. ज्या हाताने दुपारी कान पिरगाळला, त्याच हाताकडे मुलाने संध्याकाळी मदत मागावी ही अपेक्षा कशी करायची?

शिक्षकांच्या बाजूने बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. शिक्षण हक्क कायदा प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. शहरातल्या कित्येक खासगी शाळांत एका बाईंपुढे याच्या जवळजवळ दुप्पट मुलं असतात. पालिकेच्या शाळांतल्या शिक्षकांना निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं सुटत नाही. दिवसाला शंभर तक्रारी ऐकायच्या कधी? हे खरं आहे. पण ऐकायला फार वेळ लागत नाही, लागते ती थांबायची मुभा. नाडी बांधायला अर्धा मिनिट लागतो. जे आत्ता ऐकता येत नाही त्याला ‘सुटताना सांग, मी थांबते’ असं म्हणून खरोखर थांबता येतं. आणि मुलाने काही सांगितलं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून, त्याचं पुढे काय केलं हे दोन वाक्यांत सांगायला हवं. हे जवळजवळ कुणीच करत नाही. ‘बघते हं’ म्हटल्यावर काहीच कळलं नाही, तर मूल समजतं की सांगण्याचा उपयोग नव्हता, जरी बाईंनी आतून व्हॅनवाल्याला बदलून टाकलं असलं तरी.

येत्या जूनमध्ये ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळा उघडतील तेव्हा पहिल्या पालक सभेत फी आणि गणवेशाच्या आधी हे विचारायला हवं. सखी सावित्री समितीत कोण आहे, आणि त्यांचे फोटो तळमजल्यावर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावले आहेत का? मुलाने काही सांगितल्यावर काय करायचं हे फक्त शिक्षकांना शिकवलं, की मावशी, शिपाई, सुरक्षारक्षक आणि व्हॅनचालकांनाही? वर्ग चालू असताना लघवीला जाऊ दिलं जातं का, आणि लहान मुलांसोबत कोण जातं? दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांकडे मागणी एकच आहे. पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षिकांकडची मधल्या सुट्टीतली सगळी कागदी कामं, पोषण आहाराच्या नोंदींसकट, दुसऱ्या कुणाकडे द्या आणि त्यांना त्या वेळात वर्गात नुसतं बसू द्या. मुलं बोलायला तेव्हाच येतात.